लिव्हर परत वाढताना आरएनए खरंच जास्त बनतोय का, हे तपासायचं कसं

पार्शल हेपॅटेक्टॉमी केली (लिव्हरचा मोठा भाग कापून काढला), चार तासांनी उरलेलं लिव्हर काढलं, क्यूपीसीआर लावला (आरएनए किती आहे ते मोजायची पद्धत), अमुक जीन आठपट वर आला, म्हणजे त्याचं ट्रान्सक्रिप्शन (जीनवरून आरएनए लिहिणं) आठपट वाढलं. हे असं वाक्य लॅब मीटिंगमध्ये इतक्या सहज बोललं जातं की कोणी मध्ये थांबवतच नाही. पण तुम्ही मोजलंय काय, तर त्या क्षणी पेशीत तो आरएनए किती पडलाय एवढंच. टाकीतलं पाणी वाढलं ते नळ मोठा सोडला म्हणून की खाली बोळा बसला म्हणून, हे नुसती पातळी बघून कळत नाही ना, तसंच हे. आणि लिव्हर रीजनरेशनमध्ये, म्हणजे लिव्हर परत वाढताना, दोन्ही प्रकार होतात, एकाच वेळी होतात, वर परत जीनप्रमाणे वेगवेगळे होतात. म्हणून एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्यांसाठी आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षातल्यांसाठी हे लिहितोय, की "सिंथेसिस वाढलं" (नवीन आरएनए जास्त बनला) असं तोंडातून काढण्याआधी काय काय बघून घ्यायचं.

आधी मॉडेल नीट समजून घ्या कारण निम्म्या चुका तिथेच होतात. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी रॅटमध्ये जी पद्धत बसवली तीच आजही चालते, मीडियन आणि लेफ्ट लॅटरल हे दोन लोब मुळाशी दोरा बांधून कापून टाकायचे, म्हणजे साधारण दोन तृतीयांश लिव्हर जातं. कापलेले लोब परत उगवत नाहीत हं, उरलेले लोब मोठे होतात आणि आठवडा-दहा दिवसांत वजन जवळजवळ पहिल्यासारखं होतं. रॅटमध्ये हेपॅटोसाइटचं (लिव्हरच्या मुख्य पेशींचं) डीएनए सिंथेसिस साधारण २४ तासांच्या आसपास टोकाला जातं, माऊसमध्ये ३६ ते ४० तास लागतात. त्यामुळे रॅटचा पेपर वाचून माऊसचे टाइम पॉइंट ठरवायचे नाहीत, हे सांगायची गरज पडू नये पण पडते. माऊसला पित्ताशय असतं, रॅटला नसतं, म्हणजे माऊसमध्ये मीडियन लोब काढताना पित्ताशयाचं काय करायचं तेही आधीच ठरवून सगळ्या प्राण्यांत तसंच करायचं. आणि संस्थेच्या अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीची परवानगी हातात आल्याशिवाय यातलं काहीच सुरू होत नाही, तर प्रोटोकॉल लिहितानाच टाइम पॉइंट आणि प्राण्यांची संख्या नीट विचार करून टाका, नंतर "अजून दोन टाइम पॉइंट वाढवू" म्हटलं की परत सगळी कागदपत्रं.

सर्जरी रोज एकाच वेळेला करा. हे नुसतं शिस्तीसाठी नाही, २००३ मध्ये माऊसवर दाखवलं गेलंय की रीजनरेट होणाऱ्या लिव्हरमध्ये पेशी मायटोसिसमध्ये (विभाजनात) कधी शिरणार यावर शरीरातल्या घड्याळाचा ताबा असतो, वी१ नावाचा किनेज (इतर प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम) त्यात मधला दुवा आहे. शिवाय लिव्हरमधले कितीतरी जीन दिवस-रात्रीप्रमाणे वरखाली होतच असतात, सकाळी नऊला केलेल्या सर्जरीचा ६ तासांचा नमुना आणि दुपारी चारला केलेल्या सर्जरीचा ६ तासांचा नमुना हे दोन वेगळे प्रयोग आहेत. खाण्याचंही तसंच. ऑपरेशननंतर प्राण्याची साखर खाली जाते आणि दया येऊन कोणी पिण्याच्या पाण्यात ग्लुकोज घातलं तर रीजनरेशनच मंदावतं, त्यामुळे एका बॅचला ग्लुकोज आणि एकीला नाही असं अजिबात नको.

कंट्रोल म्हणजे शॅम सर्जरी, पोट उघडायचं, लिव्हर हलवायचं, कापायचं नाही, शिवायचं. प्रत्येक टाइम पॉइंटला वेगळा शॅम, एकच शॅम सगळ्यांना नको. कारण भूल, चिरा, हाताळणी एवढ्यानेच सी-फॉस, सी-जून, सी-मिक हे जीन थोडेफार उठतात आणि आयएल-६ (दाहाचा संदेश देणारं प्रोटीन) पण वाढतो. आणि एक फुकटची गोष्ट लोक बादलीत टाकतात, ती म्हणजे कापलेला लोब! तो त्याच प्राण्याचा शून्य तासाचा नमुना आहे, लगेच छोटे तुकडे करून लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका. लगेच म्हणजे खरंच लगेच, कारण सी-फॉससारखे जीन मिनिटांत हलतात. जमलं तर एक तृतीयांश काढलेला गटही ठेवा, मला हा कंट्रोल फार आवडतो. एक तृतीयांश काढल्यावर सुरुवातीचे बरेच जीन उठतात पण पेशी फारशा विभागत नाहीत, लिव्हर मुख्यतः पेशी मोठ्या करूनच भागवतं. म्हणजे तुमचा आवडता जीन दोन्हीकडे सारखाच उठला तर त्याचा विभाजनाशी थेट संबंध जोडताना जरा दमानं घ्या.

आता कधी काय होतं ते. पहिल्या अर्ध्या तासात ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (जीन चालू-बंद करणारे प्रोटीन) जागे होतात, एनएफ-कप्पा-बी पेशीत आधीपासून बांधून ठेवलेला असतो तो सुटून न्यूक्लियसमध्ये जातो, त्याच सुमारास एचजीएफ या ग्रोथ फॅक्टरचा रिसेप्टर सी-मेट फॉस्फोरिलेट (म्हणजे चालू) झालेला दिसतो, आणि पुढच्या काही तासांत आयएल-६ मुळे स्टॅट३ हा फॅक्टर चालू होतो. आयएल-६ नसलेल्या माऊसमध्ये स्टॅट३ नीट उठत नाही आणि डीएनए सिंथेसिस पडतं, हे १९९६ मध्येच दाखवलंय. या सगळ्यासाठी नवीन प्रोटीन बनवावं लागत नाही, म्हणून यांच्यामुळे जे जीन लगेच उठतात त्यांना इमिजिएट अर्ली म्हणतात, सी-फॉस, सी-जून, सी-मिक, एटीएफ३, आयजीएफबीपी-१ वगैरे. मग डिलेड अर्ली, ज्यांना आधीच्यांचं प्रोटीन बनून यावं लागतं, आणि पुढे सायक्लिन डी१ (पेशीचक्र पुढे ढकलणारं प्रोटीन) वर आला की पेशी सहसा मागे वळत नाही. याच काळात सी/ईबीपी अल्फा हा फॅक्टर खाली जातो आणि सी/ईबीपी बीटा वर येतो. दोघे जवळजवळ सारख्याच डीएनए क्रमांवर बसतात, पण अल्फा पेशीला विभाजनापासून अडवतो आणि बीटा नसलेल्या माऊसमध्ये रीजनरेशन अडखळतं. म्हणजे प्रमोटर (जीनच्या सुरुवातीची नियंत्रणाची जागा) तोच, बसणारा बदलला, हा रेग्युलेशनचा अगदी पुस्तकी नमुना आहे आणि विद्यार्थी तरीही फक्त "कोणता फॅक्टर वाढला" एवढंच बघतात, कोण खाली गेला ते बघत नाहीत.

तर नळ की बोळा हे ठरवायचं कसं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे इंट्रॉनवर (आरएनएचा जो भाग स्प्लाइसिंगमध्ये कापून टाकला जातो) प्रायमर (कुठला तुकडा मोजायचा ते ठरवणारे छोटे डीएनए) टाकायचे. इंट्रॉन असलेला आरएनए म्हणजे नुकताच लिहिलेला, अजून स्प्लाइस न झालेला, तो फार काळ टिकत नाही, म्हणून त्याची पातळी साधारण सिंथेसिसच्या वेगाबरोबर चालते. एक्झॉनचे, म्हणजे मागे उरणाऱ्या भागाचे, प्रायमर पिकलेला एमआरएनए मोजतात. दोन्ही वाढले तर ट्रान्सक्रिप्शन वाढलंय असं म्हणायला जागा आहे, नुसता एक्झॉनवाला वाढला आणि इंट्रॉनवाला जागेवरच असेल तर एमआरएनए जास्त टिकतोय. स्प्लाइसिंगचा वेग बदलला तर हा हिशोब चुकतो हे मान्य, पण सुरुवात करायला याहून सोपं काही नाही. यात एकच ठिकाणी सगळे पडतात, डीएनएज ट्रीटमेंट, म्हणजे सॅम्पलमधला डीएनए एन्झाइमने तोडून टाकणं. इंट्रॉनचा प्रायमर जिनोमिक डीएनएलाही तितक्याच आनंदाने चिकटतो, म्हणून रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली नळी प्रत्येक सॅम्पलला लावायचीच, एका प्रातिनिधिक सॅम्पलला लावून भागत नाही.

याहून पक्कं हवं असेल तर न्यूक्लियर रन-ऑन. लिव्हरमधून न्यूक्लियस वेगळे करायचे, जीनवर आधीच बसलेले पॉलिमरेज (आरएनए लिहिणारी एन्झाइमं) लेबल केलेला यूटीपी (आरएनएचा एक घटक) देऊन थोडे पुढे धावू द्यायचे आणि कुठल्या जीनवर किती लेबल गेलं ते बघायचं. जुने लोक हे रेडिओअ‍ॅक्टिव्ह यूटीपी आणि फिल्टरवर करायचे, आता त्याचीच सिक्वेन्सिंगवाली रूपं आहेत, ग्रो-सीक आणि प्रो-सीक. आणि ह्या रन-ऑननेच सी-मिकची गंमत बाहेर काढली. ऑपरेशननंतर सी-मिकचा एमआरएनए पहिल्या काही तासांत मस्त वर जातो, पण रन-ऑनमध्ये त्याचं ट्रान्सक्रिप्शन त्या मानाने फारसं वाढलेलं दिसत नाही, वाढ मुख्यतः एमआरएनए टिकून राहिल्यामुळे असते. सी-फॉसमध्ये मात्र ट्रान्सक्रिप्शन खरोखर उसळतं आणि लगेच खाली येतं. एकाच लिव्हरमध्ये, एकाच तासात, दोन्ही नावं एकाच यादीत छापलेली, आणि यंत्रणा वेगळी. सी-मिक आणि सी-फॉस दोघांच्याही एमआरएनएचं अर्धायुष्य एरवी अर्ध्या तासाच्या आतबाहेर असतं, त्यांच्या तीन-प्राइम टोकाला एयू-रिच पट्टे असतात ज्यांच्यावर एचयूआर हे प्रोटीन बसलं की आरएनए टिकतो आणि एयूएफ१ बसला की सहसा लवकर तुटतो. अल्ब्युमिनचा एमआरएनए याउलट खूप टिकाऊ, त्यामुळे अल्ब्युमिनचं ट्रान्सक्रिप्शन काही तास पडलं तरी क्यूपीसीआरमध्ये तुम्हाला पत्ता लागणार नाही. टिकाऊ आरएनएच्या बाबतीत पातळी बघून सिंथेसिसबद्दल बोलणं तर अगदीच व्यर्थ आहे.

जाता जाता सी-मिकबद्दल अजून एक, कारण इथे लोक भावनिक होतात. हेपॅटोसाइटमधून सी-मिक काढून टाकलेल्या माऊसमध्ये लिव्हर रीजनरेशनला फार बाधा येत नाही असं २००६ मध्ये एका गटाने दाखवलं. म्हणजे वाढतो म्हणून आवश्यकच असला पाहिजे असं नाही.

आता नॉर्मलायझेशन, म्हणजे सॅम्पलांची तुलना करता यावी म्हणून आकडे कशाने तरी भागणं, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे कारण माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा खड्डा हाच आहे. आपण काय करतो, प्रत्येक सॅम्पलचा एक मायक्रोग्रॅम आरएनए घेतो, सीडीएनए करतो, बीटा-अ‍ॅक्टिनने भागतो. आता पेशीतल्या एकूण आरएनएत साधारण ऐंशी टक्के रायबोसोमल आरएनए असतो, म्हणजे एक मायक्रोग्रॅम घेणं म्हणजे खरं तर ठराविक रायबोसोम घेणं. आणि रीजनरेट होणारी पेशी डीएनए दुप्पट करायच्या आधीच रायबोसोम वाढवायला लागते, पेशीमागे आरएनए वाढतो. मग ज्या एमआरएनएचं प्रमाण पेशीमागे थोडंसं वाढलंय तो तुमच्या नळीत जागेवरच दिसेल, आणि जो जागेवर आहे तो कमी झालेला दिसेल. वर बीटा-अ‍ॅक्टिन आणि ट्युब्युलिन हे हाऊसकीपिंग (पातळी स्थिर मानलेले जीन) म्हणून वापरतात ते रीजनरेशनमध्ये स्वतःच वाढतात, म्हणजे मोजपट्टीच ताणली जातेय. १८एस वापरलं तर तो तर रायबोसोमचाच भाग, मग बोलायलाच नको. यावर उपाय म्हणजे लिव्हरचा तुकडा वजन करून घ्या, ट्रायझॉलमध्ये (आरएनए काढायच्या द्रावणात) घालतानाच बाहेरचा आरएनए ठराविक मात्रेत मिसळा, म्हणजे मिलिग्रॅम टिश्यूमागे हिशोब करता येतो, आणि त्याच तुकड्यातला डीएनएही मोजा. पहिल्या १२-१६ तासांत डीएनए अजून दुप्पट होऊ लागलेला नसतो तेव्हा डीएनएमागे आरएनए हा आकडा चांगला चालतो, नंतर डीएनएच वाढायला लागतो आणि हेपॅटोसाइटमध्ये चार एन, आठ एनवाले (नेहमीच्या दुप्पट, चौपट डीएनएचे) न्यूक्लियस असतातच, तेव्हा सांभाळून. हाऊसकीपिंग जीन लागतोच असेल तर चार-पाच उमेदवार घेऊन तुमच्याच शून्य तास, शॅम आणि हेपॅटेक्टॉमी सॅम्पलवर कोण स्थिर आहे ते आधी बघा. आणखी एक बारीक गोष्ट, लिव्हरमध्ये ग्लायकोजेन भरपूर असतं आणि ते आरएनएबरोबर खाली बसतं, पण ऑपरेशननंतर ग्लायकोजेन झपाट्याने संपतं, म्हणजे कंट्रोलची गोळी आणि प्रयोगाची गोळी यांची शुद्धता मुळातच वेगळी असू शकते, २६०/२३० चा आकडा (प्रकाश शोषण्यावरून शुद्धता सांगणारं गुणोत्तर) दोन्हीकडे बघा.

रायबोसोमचा विषय निघालाच आहे तर पॉलिमरेज १ कडे (रायबोसोमल आरएनए लिहिणारं एन्झाइम) वळू, कारण प्रमाणाच्या दृष्टीने रीजनरेशनमधलं आरएनए सिंथेसिस म्हणजे मुख्यतः हेच. न्यूक्लिओलस (न्यूक्लियसमधली रायबोसोम बनायची जागा) मोठा होतो, स्लाइडवरसुद्धा दिसतो. मोजायचं असेल तर १८एस किंवा २८एस मोजू नका, ते दिवसेंदिवस टिकतात. ४७एस प्रीकर्सरच्या (ज्यातून १८एस, २८एस कापून निघतात) पाच-प्राइम ईटीएसवर, म्हणजे सुरुवातीच्या टाकून दिल्या जाणाऱ्या भागावर, प्रायमर टाका, तो भाग लवकर कापून नष्ट होतो म्हणून सिंथेसिसचा अंदाज देतो. इथेही डीएनएजचं तेच, उलट जास्त, कारण आरडीएनएच्या (रायबोसोमल आरएनएच्या जीनच्या) शेकडो कॉपी असतात. यंत्रणा बघायची तर टीआयएफ-आयए हा फॅक्टर धरा, तो पॉलिमरेज १ ला प्रमोटरवर बसवायला लागतो आणि ईआरके आणि एमटॉर दोन्ही रस्ते येऊन त्याच्या फॉस्फोरिलेशनला मिळतात. म्हणजे बाहेरून ग्रोथ फॅक्टर आला आणि आत पोषण आहे, दोन्ही जुळलं की नळ सुटतो. शिवाय सायक्लोहेक्झिमाइड देऊन प्रोटीन बनणं थांबवलं की लिव्हरमधलं न्यूक्लिओलसचं आरएनए सिंथेसिसही थोड्याच वेळात घसरतं, हे १९७० च्या सुमाराचं निरीक्षण, म्हणजे इथे कुठलंतरी अल्पजीवी प्रोटीन सतत लागतं. आणि हे सगळं किती महत्त्वाचं ते २००० सालच्या एका प्रयोगात दिसलं, प्रौढ माऊसच्या लिव्हरमधून रायबोसोमचा एस६ प्रोटीनचा जीन काढला, तर उपाशी ठेवून परत खायला घातल्यावर लिव्हर नीट वाढलं पण हेपॅटेक्टॉमीनंतर पेशी विभागेनात, सायक्लिन ई वर येईना. नवीन रायबोसोम बनत नाहीत म्हटल्यावर पेशी एस फेजच्या (डीएनए दुप्पट होण्याच्या टप्प्याच्या) दारातच थांबली.

तीन पॉलिमरेज (१ रायबोसोमल आरएनए लिहितं, २ एमआरएनए, ३ टीआरएनएसारखे छोटे आरएनए) वेगळे करायला जुना पण अजून उपयोगी उपाय म्हणजे अल्फा-अमॅनिटिन. तेच ते विषारी डेथ कॅप अळंबीतलं विष, जे लिव्हरच नष्ट करतं. वेगळ्या केलेल्या न्यूक्लियसवर साधारण १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला पॉलिमरेज २ बंद, त्याच्या शंभर-दोनशेपट दिल्यावर पॉलिमरेज ३ बंद, आणि पॉलिमरेज १ ला काही फरक नाही. त्याच न्यूक्लियसचे तीन भाग करून तीन मात्रांवर रन-ऑन केला की वजाबाकीने उत्तर मिळतं. हे फक्त नळीत हं, प्राण्यात देऊन नाही. उलट अ‍ॅक्टिनोमायसिन डी कमी मात्रेत पॉलिमरेज १ ला आधी पकडतं आणि जास्त मात्रेत सगळ्यांनाच. अ‍ॅक्टिनोमायसिन देऊन मग किती वेगाने एमआरएनए घटतो ते मोजणे हा अर्धायुष्य काढायचा नेहमीचा प्रकार आहे, पण अख्ख्या प्राण्यात तो घाणेरडा प्रयोग होतो, कारण ज्या प्रोटीनमुळे आरएनए तुटतो तेही बनायचं थांबतं. सायक्लोहेक्झिमाइडचा पण असाच दुधारी प्रकार, इमिजिएट अर्ली ओळखायला ते वापरतात पण त्याने सी-मिकसारखे एमआरएनए एरवीच जास्त टिकतात, म्हणून "सायक्लोहेक्झिमाइडमध्ये अजून वाढला" म्हणजे ट्रान्सक्रिप्शन वाढलं असं लिहू नका. सायक्लोहेक्झिमाइड एकटं दिलेला गट ठेवायचा म्हणजे ठेवायचा.

लेबल देऊन नवीन आरएनए पकडायचा असेल, जुन्या काळी लेबल केलेलं ओरोटिक अ‍ॅसिड द्यायचे कारण लिव्हर ते छान घेतं, आता ५-इथिनिल युरिडिन किंवा ४-थायोयुरिडिन देतात, तर लक्षात ठेवा की लेबल आरएनएत जायच्या आधी यूटीपीच्या साठ्यात जातं, आणि ऑपरेशननंतर तो साठाच बदलतो. नॅन्सी बुचर यांच्या गटाने १९६० च्या दशकातच यूटीपी आणि सीटीपीत किती लेबल गेलं हे मोजून मग न्यूक्लियर आरएनएकडे बघितलं होतं. साठा न मोजता "लेबल दुप्पट गेलं म्हणजे सिंथेसिस दुप्पट" हे आजच्या महागड्या किटनेही तितकंच चूक आहे.

हेपॅटोसाइट वेगळे करून त्यांच्यावर सगळं करू म्हणणाऱ्यांसाठी एक इशारा. कोलॅजिनेजने लिव्हर विरघळवणं हाच पेशीला एक धक्का असतो, सी-फॉस, सी-जून तेवढ्यानेच उठतात, आणि वेगळ्या झालेल्या पेशींत लिव्हरच्या खास जीनचं ट्रान्सक्रिप्शन तासांत कोसळतं, हे १९८० च्या दशकात रन-ऑनने दाखवलंय. म्हणून सुरुवातीच्या तासांचे प्रश्न अख्ख्या टिश्यूवर किंवा गोठवलेल्या टिश्यूतल्या न्यूक्लियसवर सोडवा. फक्त अख्ख्या टिश्यूत कुप्फर (लिव्हरमधल्या रोगप्रतिकारक पेशी), एंडोथेलियल (रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी) सगळे आले, आयएल-६ चा एमआरएनए हेपॅटोसाइटचा समजून बसू नका.

मायक्रोआरएनए, म्हणजे एमआरएनएला दाबणारे छोटे आरएनए, थोडक्यात. हेपॅटोसाइटमध्ये एमआयआर-१२२ चंच राज्य असतं, पण रीजनरेशनमध्ये वर येतो तो एमआयआर-२१. २०१० मध्ये हेपॅटोसाइटमधून डीजीसीआर८ (मायक्रोआरएनए बनवायला लागणारं प्रोटीन) काढलेल्या माऊसमध्ये पेशी जी१ मधून एसमध्ये नीट जात नाहीत असं दिसलं आणि एमआयआर-२१ विभाजन अडवणाऱ्या बीटीजी२ ला दाबतो असं निघालं. इथेही प्रायमरी ट्रान्सक्रिप्ट आणि पिकलेला मायक्रोआरएनए दोन्ही मोजा, कारण ड्रोशा-डायसरच्या (मायक्रोआरएनए कापून तयार करणाऱ्या एन्झाइमांच्या) टप्प्यावरही नियंत्रण असतं.

आणि शेवटचे टाइम पॉइंट कापू नका. सगळ्यांचा जीव पहिल्या २४ तासांत अडकलेला असतो, पण हा नळ बंद कोण करतं हा प्रश्न तेवढाच मोठा आहे आणि तिथे गर्दीही कमी आहे. स्टॅट३ ला सॉक्स३ हे प्रोटीन लवकरच दाबतं, ते स्वतः स्टॅट३ नेच उठवलेलं, हे पहिल्या काही तासांतच दिसतं. टीजीएफ-बीटा विभाजनाला ब्रेक लावतो. पण वजन भरत आल्यावर ४७एसचं सिंथेसिस आधी उतरतं की सायक्लिनचे एमआरएनए, हे तुमच्याच प्राण्यांत इंट्रॉन, एक्झॉन आणि ईटीएसचे प्रायमर एकाच प्लेटवर लावून बघता येतं. रॅट असेल तर ३, ५, ७ आणि १० दिवस ठेवा, प्रत्येकाचा शॅम आणि शून्य तासाचा लोब सोबत, आणि प्रत्येक वेळी लिव्हरचं आणि शरीराचं वजन लिहून ठेवा.